महायुद्ध राहून गेलेलं व्याख्यान

मी रोह्याच्या शाळेत इतिहास शिकवायचो, त्या काळात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पंतप्रधानाविषयी माझ्याइतकी माहिती अख्ख्या तालुक्यात कुणाला नव्हती. ती कुणाला हवी होती असंही नाही. पण माझ्याकडे होती, आणि समोर सापडेल त्याला मी ती देत असे. न्हाव्याकडे दाढीला बसलो तरी तोंडाला साबण लागेपर्यंत मी बोलत असायचो.

हे वेड मला पेणला लागलं. वडील लवकर गेल्यामुळे आई आम्हा भावंडांना घेऊन माहेरी, खाडीकाठच्या गावी आली होती. घर मामाचं. मामा मिठागरात कामाला. तिथून मी रोज चालत पेणच्या शाळेत जायचो. शाळेत एकदा गुरुजींनी काहीतरी विचारलं आणि मी उभा राहून म्हणालो, "ठावं नाय." सगळा वर्ग हसला. हसण्यासारखं काय होतं ते मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. कळलं तेव्हापासून मी वर्गात तोंड उघडणं बंद केलं आणि वाचनालयात जाऊन बसायला लागलो, कारण तिथे बोलायला मनाई होती.

मॅट्रिकच्या सुट्टीत तिथल्या एका कपाटात मला या पंतप्रधानाचं जाडजूड इंग्रजी चरित्र सापडलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली चाळीसेक पानं वाळवीने खाल्लेली. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते तीन महिन्यांत वाचलं. हा माणूस शाळेत ढ होता. त्याला 'स' नीट म्हणता येत नव्हता. एकदा भर संसदेत भाषण विसरून तो खाली बसला होता, आणि तेव्हापासून बोलायचा शब्द न् शब्द लिहून न्यायचा. त्याच्या बोलण्याने पुढे एक अख्खा देश लढायला उभा राहिला! मला दुसरं काही नको होतं. हा माणूस आपल्या स्वातंत्र्याच्या आड उभा राहिलेला होता, आपल्याविषयी त्याचं मत फारसं बरं नव्हतं, हेही त्या पुस्तकात होतं. ते मी वाचलं आणि सोडून दिलं. याला मी मनाचा मोठेपणा म्हणत असे.

तो वारल्याची बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. त्या दिवशी मी वर्गात दोन मिनिटं शांतता पाळली. मुलांना वाटलं, शाळेच्या मंडळातलं कुणीतरी गेलं असावं आणि सुट्टी मिळणार. सुट्टी नाही हे कळल्यावर त्यांना खरंच दुःख झालं.

त्याच वर्षी मे महिन्यात पेणच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत पुण्याचे एक वक्ते यायचे रद्द झाले. आमच्या मुख्याध्यापकांची तिथे ओळख होती. त्यांनी माझं नाव सुचवलं. मला वाटलं, माझ्या व्यासंगाची कीर्ती पोचली. पुढे कळलं की, त्यांनी "आमच्याकडे एकजण आहे, तो कधीही बोलायला तयार असतो," असं कळवलं होतं.

तीन आठवडे मी तयारी केली. फुलस्केप कागदाच्या एकसष्ट पानांवर व्याख्यान लिहून काढलं आणि रोज संध्याकाळी घरात उभा राहून ते मोठ्याने म्हणायला लागलो. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, मूठ कुठे आपटायची, हे सगळं लाल शाईने लिहिलेलं. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू आमच्या मंडळींना नळावर हळूच म्हणाल्या, "काय गो, रोज असाच ओरडतो तो तुझ्यावर? आमचे जरा समजावतील त्याला."

बायको म्हणाली, "माझ्यावर नाय ओरडत. जर्मनीवर ओरडतात."

व्याख्यानाच्या दिवशी मुख्याध्यापकांचा गरम कोट मागून घेतला. मे महिना, पेणचा उकाडा, आणि लोकरीचा कोट! पण विलायती पंतप्रधानावर सदऱ्यात बोलायचं हे मला बरं दिसेना. एस.टी. भिसे खिंड चढायच्या आतच मी आतून ओला झालो होतो. पेणला उतरलो तर स्टँडाजवळ फळा लावलेला. त्यावर रंगीत खडूने विषय आणि खाली माझं नाव. मी तो फळा वाचला, रस्ता ओलांडून चहा घेतला, परत येऊन पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी सहज म्हणालो, "जाणार का व्याख्यानाला?"

तो म्हणाला, "फुकट हाय का?"

वाचनालयाच्या पटांगणात मांडव होता. शंभरेक माणसं असतील. पुढच्या ओळीत गावातले वकील, डॉक्टर, शिक्षक. मागे, मांडवाच्या खांबाजवळ, धुतलेलं धोतर नेसून माझा मामा बसला होता. मी त्याला बोलावलं नव्हतं. खरं सांगायचं तर, तो आला नाही तर बरं असंच मला वाटत होतं. त्याने फळा वाचला नसणार, त्याला वाचता येत नव्हतं. कुणीतरी सांगितलं असेल.

अध्यक्ष खादीतले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी माझी ओळख दोन वाक्यांत करून दिली आणि म्हणाले, "आजचे वक्ते ज्यांच्याविषयी बोलणार आहेत, त्यांच्या कारकिर्दीत मी पावणेदोन वर्षं तुरुंगात होतो. त्यामुळे त्या काळात बाहेर काय झालं हे ऐकायची मलाही उत्सुकता आहे." लोक हसले. मीही हसलो, आणि हा टोमणा आहे हे दुसऱ्या पानावर गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

वाळवीने खाल्लेलं त्याचं बालपण मी पुढे इतर पुस्तकांतून मोठ्या कष्टाने गोळा केलं होतं. कष्टाने मिळवलेली गोष्ट माणूस आधी दाखवतो. बालपणावर माझी पंचवीस मिनिटं गेली. मग तो घोडदळात आला, बंगलोरला राहिला, पोलो खेळला. दक्षिण आफ्रिकेत कैदेतून पळाला. ते पळणं मी इतकं सविस्तर सांगितलं की, तेवढ्या वेळात तो दोनदा पळाला असता. संसदेत गेला, पक्ष बदलला, पुन्हा बदलला. पुढच्या ओळीतले डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. आधी मला वाटलं, एकाग्रता आहे. कोटाच्या आतून घामाचा ओघळ मानेपासून कमरेपर्यंत चालला होता. लाल शाईत जिथे 'मूठ आपटणे' लिहिलं होतं तिथे मी मूठ आपटली, तर टेबलावरचा तांब्या कलंडला आणि एकेचाळीस ते पंचेचाळीस ही पानं भिजली. शाई फुटली. ती पाच पानं मी आठवून म्हणालो. त्यामुळे ती दहा पानांइतकी झाली.

पहिल्या महायुद्धात आरमाराची त्याची एक मोहीम फसली आणि त्याला मंत्रिपद सोडावं लागलं, इथवर मी आलो आणि अध्यक्षांनी घंटी वाजवली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ दाखवलं. दीड तास झाला होता.

"अजून पंतप्रधान व्हायचे आहेत," मी खालच्या आवाजात म्हणालो.

"त्यांनी पासष्टीपर्यंत वाट पाहिली ना? आपणही पाहू," अध्यक्ष म्हणाले आणि उठून उभे राहिले. "आता प्रश्नोत्तरं."

वकिलांनी हात वर केला. "मास्तर, महायुद्धाचं काय झालं तेवढं सांगा. बरीच माणसं त्यासाठी आली आहेत."

जे सांगायला मी दहा वर्षं तयारी केली ते दोन मिनिटांत सांगितलं. युरोप पडत चालला होता. बाकीचे तह करायला निघाले होते, हा नाही म्हणाला. शहरांवर बाँब पडत होते आणि हा रेडिओवर बोलत होता. शेवटी जिंकला. आणि जिंकल्यावर लगेच निवडणूक आली तर लोकांनी त्याला घरी बसवलं.

एवढं बोललो आणि मांडवात पहिल्यांदा चुळबूळ थांबली. "घरी बसवलं?" कुणीतरी म्हणालं. "लढाई जिंकून?" मला तेव्हा दिसलं की, गोष्ट ही होती. माझ्या एकसष्ट पानांत ती साठाव्या पानावर होती.

मग खांबाजवळून मामा उभा राहिला. मामा म्हणाला, "मी त्याला बघितलाय."

लोक वळून बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "कुणाला?"

"हाच तुमचा. आता जो सांगितला तो. मिसरात, वाळवंटात. मी पलटणीत सैपाकी होतो. सकाळपासून आम्हाला धुऊनपुसून उभं केलं होतं. मोठा साहेब येणार. आला. लांबूनच गेला, इथून त्या पिंपळापर्यंत असेल. बुटका, जाडा, डोक्यावर साहेबी टोपी. हातात छत्री."

"छत्री?" डॉक्टर जागे झाले होते.

"व्हय, छत्री. ढग नाय, पाऊस नाय. उन्हाची."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण व्यासंगी माणसाला ते जमत नाही. मी व्यासपीठावरून म्हणालो, "छत्रीचा उल्लेख माझ्या वाचनात नाही."

मामा शांतपणे म्हणाला, "तुझ्या वाचनात नसेल भाच्या, माझ्या बघण्यात हाय."

असा हशा मी त्या मांडवात त्याआधी ऐकला नव्हता. अध्यक्षांनी मामाला पुढे बोलावलं, माझी खुर्ची त्याला दिली आणि मला बाजूच्या बाकावर बसवलं. पुढचा अर्धा तास मामा बोलला. त्याच्याजवळ कागद नव्हता. वाळूत चूल पेटवायची तर पत्र्याच्या डब्यात रेती भरून तिच्यावर पेट्रोल ओतायचं. डाळीत कितीही झाकलं तरी रेव यायचीच. पलटणीत पंजाबी, मद्रासी, गढवाली, प्रत्येकाच्या भाकरीची जाडी वेगळी. लोक विचारत होते आणि तो सांगत होता. "नाय" म्हणत होता, "व्हय" म्हणत होता, आणि कुणी हसत नव्हतं.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "त्या साहेबाला बघून काय वाटलं तुम्हाला?"

मामाने विचार केला. "त्याला उकडत होतं," तो म्हणाला.

तालुक्याच्या साप्ताहिकात त्या व्याख्यानाची बातमी आली. माझ्याविषयी दीड ओळ होती, तीत 'विस्तृत' हा शब्द दोनदा होता. बाकी सगळा रकाना मामाचा.

व्याख्यानाच्या संध्याकाळी मामाबरोबर गावी जाताना मी दोन पावलं मागेच चालत होतो. कोट हातावर होता. मामाला वाटलं, मी दमलोय. "लय बोललास," तो कौतुकाने म्हणाला. मला राग आला होता आणि कसला ते सांगता येत नव्हतं. मामा लढाईवर जाऊन आला हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा खाकी ओव्हरकोट दाराआड खुंटीवर असायचा, पावसाळ्यात आम्ही तो पांघरायचो. दहा वर्षं मी त्या पंतप्रधानाचे सेनापती, त्यांची भांडणं, त्यांचे नकाशे पाठ करत होतो, आणि एकदाही मामाला विचारलं नव्हतं की तू कुठे होतास. सैपाकी माणूस; त्याला काय ठाऊक असणार! हे मी कधी मनात नीट वाक्य करून म्हटलं नव्हतं. पण होतं तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही-पेन्सिल घेऊन मी मिठागरात गेलो. मामा कोंडीत, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यात, उभा राहून मीठ ओढत होता. मी बांधावर बसलो आणि म्हणालो, "मामा, सगळं पहिल्यापासून सांग."

"सांगतो की. पण पाऊस तोंडावर आलाय, मीठ आत न्यायचंय. ते फावडं घे."

मी फावडं घेतलं. त्या लाकडी फावड्याने मीठ काठाला ओढत आणायचं असतं. मामा ते झाडल्यासारखं ओढायचा. माझं फावडं दर हाताला चिखलात रुतायचं, आणि पांढऱ्या मिठात काळे पट्टे उमटायचे. घटकाभरात तळहाताला फोड आले, फुटले, आणि त्यात मीठ गेलं. पलीकडच्या कोंडीतल्या बायका बघत होत्या. एक ओरडली, "मास्तर, शाळेत असंच शिकवतोस व्हय?"

काम करता करता मामा बोलत होता. मग मी विचारलं, "घरची खबर मिळायची तिकडे?"

"कागद यायचा. मुन्शी वाचून दाखवायचा." त्याने फावडं पुढे टाकून मीठ काठाला ओढलं. "आई गेली तेव्हा आला. तापाने गेली, असं लिहिलं होतं."

माझी आजी लढाईच्या काळात गेली हे मला माहीत होतं. मी चार-पाच वर्षांचा होतो. मला तिचा फक्त लुगड्याचा रंग आठवतो.

"तापानेच ना?"

"ताप आलाच असेल. पण आल्यावर बायने मला सांगितलं." बाय म्हणजे माझी आई. "रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला होता. रेशनवर मिळायचं ते पुरायचं नाय. कंद उकडून खायची माणसं. म्हातारी आपल्या पानातलं उचलून तुम्हा पोरांना घालायची. मी तिकडे एका वेळी दोनशे माणसांचा भात शिजवत होतो, भाच्या. करपला तर फेकत होतो."

मी फावडं धरून उभा राहिलो. 'तुम्हा पोरांना' म्हणजे मला. रंगून पडलं त्या दिवशी तो पंतप्रधान काय म्हणाला, कुणाला तार केली, हे मला ठाऊक होतं. भात कुणाच्या पानातून माझ्या तोंडात आला ते नव्हतं. त्याच कारकिर्दीत मी जिवंत राहिलो होतो, आणि एकसष्ट पानांत याची एक ओळ नव्हती.

"मग तुला त्या साहेबाचा राग नाय येत?" मी विचारलं. माझ्या तोंडून 'नाय' गेलं हे नंतर कळलं.

"तेव्हा कुठे ठावं होतं इकडे काय चाललंय? त्याची छत्री बघून हसलो आम्ही. कागद मागाहून आला." मामाने माझ्या कोंडीकडे पाहिलं. "राग आता तुझा येतोय. मीठ बघ कसं काळं केलंस."

दुपारी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. एवढंच म्हणाली, "मीही खायचे तिच्या पानातलं. तुझ्या धाकट्या बहिणीला पाजत होते ना अजून." आणि सूप घेऊन आत गेली. त्यानंतर मी तिला पुन्हा विचारलं नाही.

त्या पावसाळ्याच्या शेवटी सरहद्दीवर आपलीच लढाई झाली, आणि गावोगाव लढाईवर बोलणारा माणूस हवासा झाला. साप्ताहिकातली बातमी वाचून मंडळं मामाला बोलवायला लागली. वाचता न येणाऱ्या माणसाला पत्रं यायची ती माझ्या पत्त्यावर. मी उत्तरं लिहायचो, एस.टी.च्या वेळा बघायचो, मामाची पिशवी धरायचो. जोह्याला गेलो, निडीला गेलो. मी आधी दहा मिनिटं त्या पंतप्रधानाविषयी सांगायचं आणि मग मामाने बोलायचं, असं ठरलं होतं. कोलाडला मी अकराव्या मिनिटाला गेलो तर मामाने मागून माझा सदरा ओढला. कोट मी केव्हाच परत केला होता.

मधल्या काळात मला एका जुन्या इंग्रजी मासिकात छत्रीचा उल्लेख सापडला. मी मुद्दाम गावी जाऊन मामाला वाचून दाखवला. तो म्हणाला, "मग? मी काय सांगत होतो?"

तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी मामाला आमच्या शाळेत बोलावलं. मामाचा खोकला तेव्हा सुरू झाला होता, पण तो आला. रोह्याच्या त्या हॉलमध्ये आठवी ते अकरावीची मुलं दाटीवाटीने बसली होती. एका मुलाने विचारलं, "तुम्ही किती शत्रू मारले?"

"एक पण नाय. माझ्याकडे भात वाढायचा डाव होता."

मुलं हसली. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली. माझ्या वर्गात ती कधी बोलत नसे. तिने विचारलं, "लढाई संपल्यावर तुम्ही घरी आलात, तेव्हा काय केलंत?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आजीचं सांगणार. ते त्याने कुठल्याच गावात सांगितलं नव्हतं.

"संध्याकाळी आलो," तो म्हणाला. "बायने भात वाढला. मी म्हटलं, आधी पोरांना वाढ. ती म्हणाली, पोरं जेवली. तरी मी पोरांना उठवलं, बघितलं पोटाला हात लावून. मग जेवलो. दुसऱ्या दिवशी मिठागरात गेलो."

मुलगी उभीच होती. "मग?"

"मग काय? मीठ तयार झालं होतं," मामा म्हणाला आणि खाली बसला.

टाळ्या वाजवायच्या की नाहीत ते मुलांना कळेना. मलाही कळेना. मुख्याध्यापकांनी आभार मानायला मला खूण केली. मी उभा राहिलो आणि आधी मामाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तेवढ्यात शिपायाने तासाची घंटा दिली आणि मुलं पुढच्या तासाला भूगोलाची पुस्तकं काढायला वर्गाकडे पळाली.